बेलाची नजर

व्हॅम्पायर कादंबरीचं पहिलं गाजलेलं चित्रपट-रूपांतर ही सरळसरळ चोरी होती. जर्मन दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाव यांनी १९२२ साली ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'वरून 'नोस्फेराटू' काढला. परवानगी घेतलीच नाही, पात्रांची नावं तेवढी बदलली. स्टोकरची विधवा फ्लोरेन्स कोर्टात गेली, जिंकली, आणि चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज आपल्याला तो बघता येतो. या उचलेगिरीत एक नवी गोष्ट मात्र जन्माला आली. सकाळचं ऊन अंगावर पडताच व्हॅम्पायर काउंट विरून जातो, असा शेवट मुर्नावने केला. स्टोकरच्या कादंबरीत असं काही नाही. तिथला काउंट दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो. दिवसा त्याची ताकद घटते, इतकंच.

हे आठवायचं कारण 'ट्वायलाइट'. २००८च्या नोव्हेंबरात हा चित्रपट आला, तेव्हा भयपटांच्या जुन्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. उन्हात व्हॅम्पायर जळून मरायचा सोडून चमकतो म्हणजे काय! परंपरेचा खून झाला म्हणून बोंब ठोकणाऱ्यांना पत्ताच नव्हता, की ही परंपरा एका सिनेमावाल्यानेच पुस्तकाशी बेइमानी करून घडवलेली आहे. तेव्हा 'मूळ पुस्तकाला न्याय दिला का?' हा आपला नेहमीचा प्रश्न जरा जपून विचारायला हवा. पुस्तकातल्या नेमक्या कशाला न्याय द्यायचा, हे आधी ठरलं पाहिजे.

माझं म्हणणं असं : 'ट्वायलाइट' या कादंबरीत सांभाळण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे सांगणाऱ्या मुलीची नजर. दिग्दर्शिका कॅथरीन हार्डविकने ती ओळखली आणि राखली. बाकी सगळं कमीजास्त झालं तरी चित्रपट उभा राहिला तो त्यामुळे.

कादंबरीची जन्मकथा आता पुराणासारखी सांगितली जाते. अॅरिझोनात राहणाऱ्या, तीन मुलांची आई असलेल्या स्टेफनी मेयरला २ जून २००३ रोजी स्वप्न पडलं. रानातल्या मोकळ्या कुरणात एक साधी मुलगी आणि उन्हात चमकणारा एक देखणा व्हॅम्पायर बोलत बसलेत, तो तिच्या प्रेमात आहे, आणि तिच्या रक्ताची तहान त्याला आवरत नाही. याआधी तिने एकही कादंबरी पुरी केलेली नव्हती. ही काही महिन्यांत लिहून झाली आणि २००५ साली प्रसिद्ध झाली. व्हॅम्पायरांना ऊन नको, म्हणून तिने अमेरिकेतलं अतिपावसाचं ठिकाण शोधलं, तेव्हा वॉशिंग्टन राज्यातलं फोर्क्स हे गाव सापडलं. वाळवंटातल्या बाईने पावसाचं गाव निवडलं, आणि नायिका बेलालाही फिनिक्सच्या उन्हातूनच तिथे पाठवलं.

गद्य म्हणून हे पुस्तक सुमार आहे. जवळपास पाचशे पानांत बेला आपल्याला तो व्हॅम्पायर, एडवर्ड कलन, किती सुंदर आहे हे सांगत राहते. संगमरवर येतो, ग्रीक देव येतात, पुन्हा संगमरवर येतो. संपादकाने कात्री लावली असती तर शंभर पानं सहज वाचली असती, आणि पुस्तक बहुधा पडलं असतं. कारण तेराचौदा वर्षांच्या वाचकांना नेमकी ती पुनरुक्तीच हवी होती. त्या वयात प्रेमात पडलेली व्यक्ती असंच बोलते. मैत्रिणी कंटाळतात, ती थांबत नाही.

चित्रपटवाल्यांना हे लगेच कळलं असं नाही. पुस्तक छापून येण्याआधीच, २००४ साली, पॅरामाउंटच्या एमटीव्ही फिल्म्सने हक्क घेतले होते. त्यांनी लिहवून घेतलेल्या पटकथेत बेला धावपटू होती, एफबीआय होती, जेट स्कींवरचा पाठलागही होता. शीर्षक बदललं असतं तर लेखिकेलाही आपली गोष्ट ओळखता आली नसती. तो प्रकल्प बारगळला, आणि नंतर समिट एंटरटेनमेंट या तेव्हाच्या छोट्या कंपनीने हक्क घेतले. या वेळी मेयरने आधीच अटी घातल्या. त्यातली एक मला फार आवडते : व्हॅम्पायरांना सुळे असता कामा नयेत.

हार्डविक मूळची निर्मिती-संकल्पक, म्हणजे सेट, रंग, जागा यांचा विचार करणारी. 'थर्टीन' (२००३) हा तिचा पहिला चित्रपट तेरा वर्षांच्या मुलीच्या घुसमटीवर होता आणि त्याची सहलेखिका निकी रीड तेव्हा स्वतःच किशोरवयीन होती. त्या वयाच्या मुली कशा बोलतात, कशा गप्प बसतात, हे हार्डविकला ठाऊक होतं. एडवर्डसाठीची शेवटची चाचणी तिने स्वतःच्या घरी घेतली. बेलाची भूमिका क्रिस्टन स्टुअर्टला आधीच मिळालेली होती. समोर एकेक मुलगा येऊन प्रवेश करून दाखवत होता. रॉबर्ट पॅटिन्सनच हवा, असा आग्रह स्टुअर्टने धरला. म्हणजे नायकाची निवडही एका अर्थी नायिकेच्या नजरेनेच झाली.

आता एक प्रसंग जवळून बघू. बेला नव्या शाळेत जीवशास्त्राच्या वर्गात येते. वर्गात टेबलपंखा चालू आहे. ती त्याच्यासमोरून जाते तसे तिचे केस उडतात, टेबलावरचे कागद फडफडतात, आणि पलीकडे बसलेला एडवर्ड मळमळल्यासारखा तोंडावर हात दाबून धरतो. त्याच्या मागे कपाटावर पंख पसरलेलं पेंढा भरलेलं पांढरं घुबड आहे. कॅमेरा असा लावलाय, की ते पंख एडवर्डच्याच खांद्यांतून फुटल्यासारखे दिसावेत. देवदूत आणि ओकारी आलेला पोरगा, दोन्ही एकाच चौकटीत. हसू येतं, आणि यायलाच हवं. पण त्यानंतर बेला जे करते ते बघा. त्याच्या शेजारी बसल्यावर ती हळूच स्वतःच्या केसांचा वास घेऊन पाहते.

हा हावभाव कादंबरीतलाच आहे, तिथे दोन वाक्यांत येऊन जातो. व्हॅम्पायरच्या रक्तपिपासेचा अर्थ ती बिचारी लावते तो असा : माझ्या अंगाला वास येतोय का? नव्या शाळेत, नव्या मुलाच्या शेजारी बसलेल्या मुलीला दुसरं काय वाटणार? शेकडो वर्षांची भुताखेतांची सामग्री मेयरने आणली, आणि तिचा उपयोग सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शरीराविषयी वाटणारी लाज, कुतूहल आणि धास्ती सांगण्यासाठी केला. पानं वाचवायला बसलेल्या रूपांतरकाराने हा हावभाव पहिल्या खर्ड्यातच उडवला असता. हार्डविकने तो ठेवला.

काही ठिकाणी मात्र तिने पुस्तक मोडलं. तू कोण आहेस हे मला कळलंय, असं बेला एडवर्डला सांगते ते कादंबरीत मोटारीत, रात्री घरी परतताना. पटकथाकार मेलिसा रोझेनबर्ग आणि हार्डविक यांनी तो प्रवेश ओल्या, शेवाळलेल्या जंगलात नेला. बेला पुढे उभी, एडवर्ड तिच्या पाठीमागे. तासभर जी मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत आलीय, ती नेमकी या क्षणी त्याच्याकडे पाठ करून बोलते. तो काय आहे हे ती न बघता उच्चारते, आणि मग वळते. मोटारीतल्या संवादापेक्षा हे कितीतरी सरस आहे. त्यानंतरची ती बहुचर्चित चमक मात्र अगदीच फुसकी निघाली. घामावर कुणी जरीची पूड भुरभुरावी तशी. जे पुस्तकात वाचकाने मनात रंगवलं होतं ते पडद्यावर दाखवायची सक्ती झाली की असंच होतं.

विशेषणांचंही तेच. पुस्तकाने पाचशे पानं खर्चून जे सांगितलं, ते पॅटिन्सनचा चेहरा कँटीनच्या दारातून आत येतो तेव्हा काही सेकंदांत संपतं. मग उरलेल्या वेळात काय करायचं? इथे वर्णनाच्या जागी अवघडलेपण आलं. दोघंही वाक्यं अर्धवट सोडतात, स्टुअर्ट ओठ चावते, पापण्या मिटते. याची नंतर जगभर टिंगल झाली. पण कॉलेजच्या जिन्यात पहिल्यांदा कुणाशी तरी बोलणारी मुलं बघा, ती याहून सफाईने बोलत नाहीत. बेलाचे वडील चार्ली आणि बेला यांच्यातलं तुटक, आडून दिसणारं प्रेम तर मला मुख्य प्रेमकथेहून खरं वाटतं.

पुस्तकावरचा मोठा आक्षेप वेगळा आहे, आणि तो खोडून काढता येत नाही. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो. तिने कुठे जावं, कुणापासून दूर राहावं, हे तो ठरवतो. त्याचा जन्म १९०१चा. म्हणजे शंभरी ओलांडलेला हा गृहस्थ अकरावीतल्या मुलीवर प्रेम करतोय. देवलांची 'संगीत शारदा' पाहिलेल्या मराठी माणसाला हा भुजंगनाथ ओळखू यायला हवा. याचे केस पांढरे झाले नाहीत, एवढाच फरक. एखाद्या मुलीने यालाच प्रेम म्हणावं, असं कुठल्याही आईबापांना वाटणार नाही.

तरीही हा आक्षेप अर्धाच आहे. या कथेत हवं कुणाला आहे आणि नको कोण म्हणतंय, हेही बघावं लागतं. मेयर श्रद्धाळू मॉर्मन आहे. लग्नाआधी संयम हा तिच्या पुस्तकांचा पायाच आहे, पण तो संयम तिने मुलाच्या डोक्यावर ठेवला. आपल्याकडच्या आणि तिकडच्याही शेकडो कथांत मुलगा पुढे सरकतो आणि मुलीने लाजून अडवायचं असतं. इथे बेला पुढे होते आणि एडवर्ड स्वतःला भिंतीवर फेकून दूर होतो. चित्रपटातला खोलीतल्या चुंबनाचा प्रसंग अक्षरशः असाच आहे. बेलाला हवं असणं चित्रपट कुठेही चोरून दाखवत नाही, त्याबद्दल तिला शिक्षाही करत नाही. किशोरवयीन मुलींसाठीच्या हॉलिवूडपटांत हे फार दुर्मीळ होतं.

नजर बदलली की ही कथा काय होते, याचा पुरावा मेयरनेच दिला. २०२० साली तिने 'मिडनाइट सन' काढलं : तीच कथा, एडवर्डच्या तोंडून. जीवशास्त्राचा तोच वर्ग आता वेगळाच दिसतो. बेला केसांचा वास घेत बसली असताना हा पठ्ठ्या अख्ख्या वर्गाला मारून तिच्यापर्यंत कसं पोचता येईल, याचा हिशेब मांडतोय. घटना बदलली नाही, प्रेमकथेची भयकथा झाली.

मराठी वाचकाला ही अडचण नवी नाही. मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'चा जीव जोशीच्या बोलण्यात होता. शिरोडकर आपल्याला दिसते ती त्याच्या शब्दांतून. सुजय डहाके यांनी चित्रपट केला तेव्हा ते सगळं बोलणं पडद्यावर मावणं शक्यच नव्हतं. 'पुस्तकातली मजा नाही' ही तक्रार तेव्हा पुष्कळ ऐकली. ती खरी होती, तरी वर्गाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाणारी नवव्या इयत्तेतली नजर चित्रपटाला सापडली होती, आणि तेवढ्याने तो तरला. दोन कलाकृतींची तुलना मी करत नाही. बोकीलांचं गद्य कुठे आणि मेयरचं कुठे! रूपांतरकारापुढचा पेच मात्र तोच होता.

बेलाच्या नजरेला मर्यादाही आहे, आणि हार्डविकने ती ओलांडली नाही. फोर्क्सजवळच्या ला पुश इथे क्विल्यूट ही आदिवासी जमात खरोखरच राहते. आपण लांडग्यांपासून माणसं झालो, अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे. मेयरने ती उचलून त्यांना मानवलांडगे केलं. चित्रपटाने त्यांच्यातल्या जेकब या मुलाची भूमिका टेलर लॉटनरला दिली, जो क्विल्यूट नाही. त्यांच्या नावावर टीशर्ट, दागिने आणि सहली विकल्या गेल्या, हक्कांचे पैसे जमातीकडे गेले नाहीत. शेवटी सिअॅटलच्या बर्क संग्रहालयाला त्यांच्यासोबत 'हे खरं, ते कल्पित' असं समजावून सांगणारा उपक्रम करावा लागला. बेलाला समुद्रकिनाऱ्यावर एक रंजक दंतकथा ऐकायला मिळते. ती सांगणारी माणसं त्सुनामीच्या टापूत राहतात, हे तिला दिसत नाही. त्यांना उंचावरची जमीन देणारा कायदा २०१२ साली झाला.

राहिला प्रश्न हसण्याचा. ३ कोटी ७० लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत ६ कोटी ९६ लाख मिळवले. स्त्री-दिग्दर्शकाच्या चित्रपटाला तोवर एवढी मोठी सुरुवात मिळाली नव्हती. प्रेक्षकांत मुली आणि बायकाच बहुसंख्य होत्या, आणि माझ्या मते टिंगलीचं खरं कारण तेच होतं. अंगाला चिकटलेला पोशाख घालून इमारतींवरून उड्या मारणाऱ्या नायकांच्या चित्रपटांवर समीक्षक गांभीर्याने रकाने भरतात. ते मुलग्यांचं स्वप्नरंजन, म्हणून त्याला मिथक म्हणायचं. मुलींचं स्वप्नरंजन म्हटलं की किंचाळणाऱ्या पोरी दाखवायच्या आणि विषय संपवायचा.

पुढचा भाग वर्षाच्या आत पडद्यावर हवा, असा कंपनीचा धोशा होता. हार्डविकला तयारीला वेळ हवा होता, तो मिळाला नाही आणि ती बाजूला झाली. पुढचे चारही चित्रपट पुरुषांनी केले : ख्रिस वाइट्झ, डेव्हिड स्लेड आणि शेवटचे दोन बिल काँडन. पैसा वाढला, लांडगे मोठे झाले, कथानक पुस्तकाच्या पानापानाला धरून चाललं. पाचही चित्रपटांनी मिळून तीनशे कोटी डॉलरांहून अधिक कमावले. त्यातला परत बघावा असा मला पहिलाच वाटतो.