आधी छप्पर की आधी काम?

बेघर कुटुंबाला काम मिळवून देणे वेगळे आणि ते काम टिकावे म्हणून पाठीशी उभे राहणे वेगळे. सरकारी विचारात हा फरक फार उशिरा उमटला. मुंबईच्या गिरणगावातल्या डिलाईल रोडच्या चाळींत मात्र तो रोजच्या व्यवहारात मुरलेला होता.

कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस आधी गावच्या खोलीवर उतरे. गावकीने भाड्याने घेतलेल्या एका गाळ्यात कितीतरी जण राहत. रात्रपाळीवाला सकाळी परते तेव्हा दिवसपाळीवाला वळकटी गुंडाळून बाहेर पडलेला असे, आणि त्याच्याच जागेवर हा अंग टाकी. गाववाला जॉबरकडे, म्हणजे गिरणीत माणसे भरणाऱ्या मुकादमाकडे, शब्द टाकी, मग गिरणीत बदलीचे काम मिळे. बदलीवाल्याला महिन्याचे सगळे दिवस काम मिळेलच असे नसे. भोंगा वाजल्यावर गेटावरून परत फिरण्याची पाळी पुष्कळदा येई. तरी तो रस्त्यावर आला नाही, कारण खाडा पडला तरी अंथरूण होते आणि खाणावळवालीचे ताट होते. हिशेब पगाराला होई. निवारा, उधारी आणि ओळख ही तिन्ही एकत्र असल्यानेच तुटपुंजे काम हातात राहिले.

ज्यांच्या नावाने डिलाईल रोड आज ओळखला जातो त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा आणि वाचनालये काढून तिने कामगाराच्या गिरणीबाहेरच्या आयुष्याकडे लक्ष दिले. पुढे १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. खोली अवघी १६० चौरस फुटांची, पण कामाच्या पायरीशी.

या व्यवस्थेत एक मोठी उणीव होती. गावची खोली पुरुषांची होती, बायको-मुले गावी राहत. जमीन नसलेले, दुष्काळाने उठवलेले कुटुंब लेकराबाळांसह मुंबईत येई तेव्हा त्याच्या वाट्याला फुटपाथ येई. त्याच्यासाठी राज्याकडे होता तो १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा. उदरनिर्वाहाचे दिसेल असे साधन नसताना रस्त्यावर भटकणे हेही त्यात भिक्षेच्या व्याख्येत बसते. बेघर माणूस कामचुकार असतो, हे त्यामागचे गृहीतक. ते चुकीचे होते आणि त्याची किंमत कष्ट करणाऱ्यांनीच मोजली.

बदल खालून सुरू झाला. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. गिरणगावातल्या खाणावळवाल्या सावकाराच्या व्याजात पिचत होत्या आणि बँकेत तारण ठेवण्याजोगे त्यांच्याकडे काही नव्हते. मंडळाने त्यांचे गट बांधले, एकमेकींची हमी घ्यायला लावली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. या बायकांना स्वयंपाक शिकवायची गरजच नव्हती. अडले होते ते भांडवलापाशी.

पुढचा टप्पा न्यायालयातला. १९८१ साली फुटपाथवासीयांना हटवण्याचा निर्णय झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. माणूस कामाजवळ राहायला मिळावे म्हणूनच फुटपाथवर राहतो, हे न्यायालयाने मान्य केले. हटवायची मुभा मात्र पालिकेला मिळाली. त्याच काळात भायखळ्याच्या फुटपाथवर स्पार्क आणि महिला मिलन या संस्थांनी बायकांची बचत सुरू केली. त्यातल्या काही कुटुंबांना पुढे मानखुर्दला घरे मिळाली. पण घर दूर गेले की चालत गाठायची धुणीभांडी आता गाडीच्या वेळेवर आणि भाड्यावर अवलंबून राहतात. छप्पर मिळते आणि कामे सुटतात, हा अनुभव पुनर्वसनाच्या अनेक वसाहतींत येतो.

छप्पर आधी, असे उत्तर देणारी ‘आधी घर’ ही पद्धत १९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली: घरासाठी अटी घालायच्या नाहीत, मदत घरात आल्यावर द्यायची. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये शहरांना लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारायला सांगितले, तर २०१३पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवारा आणि रोजगार एका छताखाली आले. निवारा चोवीस तास उघडा हवा, ही त्यातली बाब किरकोळ वाटेल, पण सकाळी रिकामा करायला लावणाऱ्या निवाऱ्यात रात्रपाळीच्या वॉचमनने झोपायचे कुठे?

काम टिकण्यातल्या अडचणी अशाच बारीक असतात. फुटपाथवरच्या बाईची प्लास्टिकची पिशवी पालिकेच्या गाडीत गेली की रेशनकार्ड, आधार, मुलाचा जन्मदाखला सगळे जाते आणि नव्या कामावर ओळख मागितली की ती गप्प उभी राहते. कागद पुन्हा मिळवायला खेटे घालायचे तर रोजी बुडते. मूल आजारी पडले, तीन खाडे झाले, की मालकीण दुसरी बाई बघते. म्हणून पाळणाघर, कागदपत्रे, बँकखाते आणि मालकाशी बोलणारे कोणीतरी यांना प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राइतकेच मोल द्यावे लागते. सगळ्यात अवघड असतो पहिल्या पगारापर्यंतचा महिना. डिलाईल रोडवर तो खाणावळवालीच्या वहीवर निघत असे. आजच्या योजनांत त्या महिन्यासाठी खर्चाचे सदर क्वचितच असते.