मातीचा नाग

दिवाळीची सुट्टी लागली की सांगलीच्या आमच्या घराच्या अंगणात किल्ला उभा राहतो. दगड, विटांचे तुकडे, जुने पोते आणि घमेलेभर चिखल एवढ्या सामग्रीवर सह्याद्री उभारण्याची विद्या मुलांना उपजतच येते. यंदा माझ्या नातीने शिखरावर महाराजांना बसवले, उतारावर हळीव पेरले, मावळे जागोजागी मांडले आणि अगदी तळाशी, बुरुजाच्या सावलीत, मातीचा एक नाग ठेवून दिला.

मी विचारले, "किल्ल्यावर नाग कशाला गं?"

ती म्हणाली, "तो आधीपासून तिथेच राहतो, आजोबा. आपण नंतर आलोय."

तिच्या या उत्तरामागे तीन वर्षांपूर्वीचे एक भांडण आहे. ते भांडण माझे आणि तिचे होते, आणि न्याय तिच्या बाजूने होता.

माझी आत्या बत्तीस शिराळ्यात दिलेली. त्यामुळे लहानपणी नागपंचमी आली की आम्ही शिराळ्याला हजर. शिराळ्याची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. गोरक्षनाथ भिक्षेला आले, तेव्हा घरातली गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. भिक्षेला उशीर का, असे त्यांनी विचारले. कारण कळल्यावर ते म्हणाले, जिवंत नागाची पूजा करशील का? आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायची रीत पडली, असे सांगतात. पंचमीपूर्वीचे कित्येक दिवस माणसे बांधाबांधाने नाग शोधीत, मडक्यात ठेवीत, सणाच्या दिवशी अंबामातेच्या देवळाकडे वाजतगाजत नेत आणि नंतर पुन्हा रानात सोडीत. माझ्या आत्तेभावाने धरलेल्या नागाच्या पाठीला मी आठव्या वर्षी बोट लावले. तो गार असेल असे वाटले होते. तो गार नव्हता, गुळगुळीत आणि जिवंत होता. ते बोट मला आजही वेगळे आठवते.

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. तो शिराळ्यात खऱ्या अर्थाने पोहोचायला मात्र कित्येक वर्षे आणि उच्च न्यायालयाचे आदेश लागले. नाग धरणे बंद झाले, घरोघर पुन्हा मातीचा नाग आला. नाथांनी मातीचा जिवंत केला होता. कायद्याने जिवंताचा मातीचा केला. नातीला घेऊन मी गेलो तो या मातीच्या नागाच्या काळात. तिने मूर्तीला हळदकुंकू वाहिले आणि विचारले, "खरा नाग कुठे आहे?"

"रानात. आता त्याला धरायचे नाही."

"तुम्ही हात लावला होता ना?"

"लावला होता."

"मग मला का नाही?"

आपण ताटातले सगळे जेवून घ्यावे आणि नातवंडांना उपवासाचे महत्त्व सांगावे, तसे माझे झाले.

आत्तेभाऊ आता ऐंशीच्या घरात आहेत. ते तिच्याच बाजूने बोलले. "आमच्या वक्ताला नाग दिसला की मानूस हात जोडायचा. आता पोरं काठी हुडकत्यात. ज्याला कधी हातात घेतलं न्हाई, त्याची माया कशी यायची?"

या बोलण्यातले खरेपण मला नाकारता येत नाही. ज्याचा परिचय नाही त्याची भीती वाटते, आणि ज्याची भीती वाटते त्याला माणूस मारून टाकतो. आजच्या मुलांना पडद्यावर आफ्रिकेतला सिंह रोज भेटतो, पण परसातल्या धामणीला ती नाग समजतात. चित्र कितीही चांगले असो, त्याला ओल्या मातीचा वास नसतो आणि त्यापुढे आपल्या छातीत धडधडत नाही.

पण रात्री, मुले निजल्यावर, आत्तेभाऊंनीच दुसरी बाजू सांगितली. एका वर्षी पंचमीच्या सकाळी त्यांनी मडक्याचे तोंड सोडले, तर आतला नाग फणा काढीना. सायंकाळपर्यंत तो गेला. "लोक म्हनले, देवाची इच्छा. पन मडकं माझं हुतं," एवढेच ते म्हणाले.

नाग दूध पीत नाही. उंदीर, बेडूक हे त्याचे अन्न. पुंगीच्या सुरावर तो डोलत नाही. समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तो स्वतःला वाचवू पाहत असतो. ज्याला आपण त्याचा आनंद समजत आलो, ते त्याचे भय होते. माझ्या त्या बोटाखाली आठव्या वर्षी जे थरथरत होते, ते काय होते, हे मला पासष्ट वर्षांनी कळले.

मग काय करावे? पाहूच नये? हा प्रश्न केवळ शिराळ्याचा नाही. सांगलीहून साताऱ्याला जा आणि तिथून वर कासच्या पठारावर. तिथे कोणी फुले मडक्यात भरून आणीत नाही. माणसेच फुलांकडे जातात. जांभ्या कातळावरच्या मातीच्या पातळशा थरात साडेआठशेच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद झाली आहे. 'सीतेची आसवे' म्हणून जे निळे-जांभळे चिमुकले फूल आपण कौतुकाने पाहतो, ते झाड सूक्ष्म जीव पकडून पोट भरते, हे वाकून पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. २०१२ साली कास जागतिक वारशाच्या यादीत गेले. वारसा म्हटल्यावर वारसदार धावले. फुलांत बसून, फुलांत लोळून छायाचित्रे निघू लागली. शेवटी दिवसाला तीन हजारांची मर्यादा घालावी लागली. फुलांवर प्रेम करणाऱ्यांपासून फुले वाचवण्याची ही पाळी!

म्हणजे जवळ आणले तरी इजा, जवळ गेले तरी इजा. आणि दूर राहिले तर उपेक्षा, जी सर्वांत मोठी इजा.

मला वाटते, याचे उत्तर आपल्याच एका शब्दात आहे. तो शब्द 'दर्शन'. लोणंद-फलटणच्या वाटेने दरवर्षी वारकरी पंढरीला जातात. पावसात भिजतात, पाय सुजवून घेतात. गर्दीमुळे गाभाऱ्यापर्यंत जाता आले नाही तर कळसाला हात जोडून परत फिरतात, आणि आपली वारी वाया गेली असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. दर्शनाची किंमत असते. ती पाहणाऱ्याने द्यायची असते. मडक्यातल्या नागाच्या बाबतीत ती पाहिला जाणाराच देत होता. सारा फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

आटपाडीकडच्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर एके काळी बंदूक घेऊन रानात जात. पुढे ते विदर्भातल्या नागझिऱ्याच्या जंगलात नुसते पाहायला जाऊन राहिले, आणि त्यातून 'नागझिरा' हे पुस्तक झाले. हात रिकामे झाल्यावर डोळे भरले, असेच म्हणायला हवे.

२०२५ साली केंद्र सरकारने शिराळ्यात शिक्षणाच्या हेतूने, मर्यादित संख्येने नाग धरण्यास परवानगी दिली. खेळ आणि स्पर्धा यांना नव्हे. तिचे कोणाला समाधान वाटले, कोणाला धास्ती. मला वाटते, तिची कसोटी एकच: त्या शिक्षणाची किंमत कोण देतो?

त्या श्रावणात आमच्यापुरते आम्ही एक केले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नातीला आत्तेभाऊंच्या शेताकडे नेले. बांधापासून बरेच अलीकडे दगडावर बसलो. पहिल्या दिवशी मुंग्या आणि एक मुंगूस. दुसऱ्या दिवशी बांधावर पडलेली कात, तीही लांबूनच. तिसऱ्या दिवशी, ऊन तापू लागताना, तो बाहेर आला. थांबला, मान जराशी उचलली आणि गवतात गेला. चार श्वासांचा खेळ. पोरीने माझे मनगट इतके घट्ट धरले होते की वळ उठला.

बऱ्याच वेळाने तिने विचारले, "आजोबा, त्याने आपल्याला पाहिलं असेल?"

तिला हात लावायला मिळाला नाही, हे ती विसरली होती. माझ्या बोटाला आठव्या वर्षी जे कळले नव्हते, ते तिच्या डोळ्यांना सहाव्या वर्षी कळले होते.

अंगणातला किल्ला मातीचाच असतो आणि तो खोटा आहे असे कोणी म्हणत नाही. तो पाहून मुलांना अजिंक्यताऱ्यावर जावेसे वाटते, एवढ्यासाठी तो असतो. आणि अजिंक्यतारा कोणी उचलून अंगणात आणीत नाही. त्याला पाहायचे तर चढ चढावा लागतो. घरात मातीचा नाग, रानात जिवंत नाग, आणि दोहोंच्या मधली वाट आपण आपल्या पायांनी चालायची. यंदाच्या सुट्टीत मुलांना किल्ला करू द्या. आणि किल्ला झाला की एका पहाटे त्यांना घेऊन बाहेर पडा.