फुकटच्या वाढ्याची किंमत

कारखान्यांची धुराडी पेटली की सांगली-कोल्हापूरकडच्या गोठ्यांत तीन-चार महिने एकच वैरण दिसते, उसाचं वाढं. फडात हिरवंगार पडलेलं वाया का घालवायचं, हा हिशेब बरोबरच आहे. पाचट पेटवणाऱ्या, सोयाबीनचं भुस्कट बांधावर कुजवणाऱ्या आपल्या लोकांना तो उशिराच सुचला म्हणायचा. पण फुकट मिळतंय म्हणून जनावराचं पोट त्याच्यावरच भरलं, तर ही काटकसर म्हशीच्या रक्तातून वसूल होते.

वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागू देत नाही. फॉस्फरस तर त्यात मुळातच थोडा. गाभण म्हशीला महिनोन्महिने हेच घातलं, की व्याल्यावर उरलासुरला साठा दुधातून निघून जातो. फॉस्फरस घटला की तांबड्या पेशी रक्तातच फुटतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन लघवीत उतरतं. व्यायल्यावर 2 ते 4 आठवड्यांत, ऐन दुधाच्या भरात, म्हैस एका सकाळी कोऱ्या कॉफीसारखं मुतते. पापणी उलटून पाहावी तर पांढरीफटक. मग मिरच्या ओवाळतात, अंगारा लावतात, देवऋषाला बोलावणं जातं. त्यात दोन दिवस गेले तर जनावर हातचं जातं. डॉक्टरांनी वेळेत शिरेतून फॉस्फरस दिला तर वाचू शकतं. लघवी गोचीडतापातही लाल होते, म्हणून आधी रक्त तपासायचं. अंदाजाने सुई टोचून घ्यायची नाही.

उपायही शिवारातच आहे. वाढ्याची कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी, जोडीला कडबा, तुरीचं भुस्कट, आणि फॉस्फरससाठी गव्हाचा कोंडा. शिवाय रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण, आणि तेही भाकड काळापासून. नेमका तेव्हाच आपला हात आखडतो.

लघवीचा रंग पहिल्यांदा दिसतो तो गोठा झाडणाऱ्या बाईला. दर दहा दिवसांचं दुधाचं बिल मात्र दुसऱ्याच्याच खिशात. तिने मिश्रणाची पिशवी आणायला सांगितली की ऐकवलं जातं, "आमच्या बापजाद्यांनी कुठं घातलं होतं?" बापजाद्यांच्या म्हशी दूध बेताचंच द्यायच्या आणि रानातलं नाना जातींचं गवत खायच्या. बारा लिटरची म्हैस दावणीला आणताना बापजादे कुणाला आठवत नाहीत. तेव्हा मिश्रणाचे पैसे बिलातून आधी बाजूला काढावेत, आणि ते तिच्या हाती द्यावेत.