दोन पडदे आणि एक मन

वारकऱ्याने खोटे बोलू नये, हे मी कीर्तनात उभा राहून गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहे. तरीही एकदा मी खोटे बोललो, आणि तेही रिंगणाविषयी, वडील भावाच्या शेजारी बसून. खोटे म्हणाल तर दोनच शब्दांचे होते: ‘हो, पाहिला.’ पण ते दोन शब्द अजून मनातून जात नाहीत. त्यांच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो, तोच आज सज्जनांपुढे ठेवतो.

हकीकत अशी की, 2020 आणि 2021 या दोन वर्षी साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. 2022 साली सोहळा पुन्हा पायी निघाला. आमचे आण्णा तरुणपणापासूनचे वारकरी. दोन वर्षे वारीची वाट पाहिली, आणि वारी निघाली तेव्हा ते अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाच्या लिंबापाशी होते. ते टेलिव्हिजनवर दाखवणार असे कळले, म्हणून आम्ही आण्णांना पाठीशी उशा लावून बसवले. मी त्यांच्याजवळ बसलो.

ज्यांनी उभे रिंगण पाहिले आहे त्यांना सांगायला नको. दोन्ही अंगांनी दिंड्या उभ्या राहतात, मधली वाट मोकळी होते, आणि स्वाराचा अश्व व माउलींचा अश्व त्या वाटेने वाऱ्यासारखे जातात. तासन्‌तास उभे राहावे आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सगळे होऊन जावे, असा तो सोहळा. नेमक्या त्या वेळी माझ्या हातातला फोन वाजला. आमच्या दिंडीतला एक टाळकरी तिथेच उभा होता, त्याने छायाचित्र पाठवले होते. मी खाली पाहिले. आण्णांनी चालत्या हाताने माझा गुडघा दाबला. ‘अरे बघ, अश्व!’ मी मान वर केली तेव्हा वाट माणसांनी भरून गेली होती आणि लोक टापांखालची माती कपाळी लावीत होते. ‘पाहिलास?’ ‘हो, पाहिला.’ आण्णांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि पुन्हा पडद्याकडे तोंड वळवले. पुढे त्या वाहिनीने तेच दृश्य चार वेळा दाखवले. मीही ते चार वेळा पाहिले. पण आण्णांबरोबर पाहायचे ते राहून गेले. त्याच वर्षी कार्तिकात आण्णा गेले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. माझ्या फोनमध्ये काही वावगे नव्हते. त्याच रिंगणाचे चित्र होते, तोच विठ्ठल, तीच माउली. तेव्हा ‘फोनवर वाईट गोष्टी असतात, म्हणून फोन वाईट’ हे जे आपण नेहमी म्हणतो, ते इथे लागू पडत नाही. प्रश्न फोनवर काय आहे याचा नव्हे. एक पडदा समोर आणि दुसरा हातात, अशा वेळी पाहणारा कुठे असतो, हा प्रश्न आहे.

यावर पूर्वपक्ष असा येतो. घरातली तरुण मंडळी म्हणतात, ‘आजोबा, आमचं दोन्हीकडे लक्ष असतं. मालिका चालू असते ती कानावर पडतेच, फोनवर बोलणंही होतं. तुम्हाला जमत नाही म्हणून आम्हालाही जमत नाही असं कसं?’ हा पूर्वपक्ष नवा आहे असे कोणी समजू नये. पाठशाळेत आम्हाला न्यायशास्त्राचा आरंभ शिकवीत, तेव्हाच तो भेटला होता. नैयायिकांचे मत असे की मन अणुपरिमाण आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते, म्हणून दोन ज्ञाने एका क्षणी होत नाहीत. यावर प्रतिपक्षी विचारतो, ‘मग लांब कुरकुरीत शष्कुली खाताना काय होते?’ शष्कुली म्हणजे तळणीचा पदार्थ, आपण चकली समजा. डोळ्यांना तिचे रूप दिसते, नाकाला वास येतो, हाताला स्पर्श होतो, जिभेला चव लागते आणि कानाला तिची कुरकुर ऐकू येते. पाचही ज्ञाने एकदम झाली की नाही?

नैयायिकाचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली, तर वाटते की शंभरही एकदम भेदल्या गेल्या. वस्तुतः सुई एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत अशीच जाते. जळते कोलीत गरगर फिरवले तर अग्नीचे वर्तुळ दिसते, पण वर्तुळ कुठेच नसते. एकच ठिणगी धावत असते. तसे हे मन फार वेगाने इकडून तिकडे धावते, आणि त्या धावण्यालाच आपण ‘दोन्हीकडे लक्ष’ असे नाव देतो. ज्या क्षणी सुई खालच्या पाकळीत असते, त्या क्षणी ती वरच्या पाकळीत नसते. आणि अश्व नेमका त्याच क्षणी जातो, बरं का!

आधुनिक विद्येनेही हा विषय हाती घेतला आहे. 2009 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ओफिर, नास आणि वॅग्नर या संशोधकांनी एकाच वेळी अनेक माध्यमे वापरणाऱ्यांची परीक्षा घेतली. ज्यांना ही सवय फार, तीच माणसे अनावश्यक गोष्ट बाजूला सारण्यात आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यात मागे पडली. पुढच्या सर्वच प्रयोगांत असेच उत्तर आले असे नाही, तेव्हा त्यावरच विसंबून मी काही म्हणत नाही. बृहदारण्यक उपनिषदाने तर फार पूर्वी साधी गोष्ट सांगून ठेवली आहे. मन दुसरीकडे होते म्हणून दिसले नाही, मन दुसरीकडे होते म्हणून ऐकू आले नाही, असे माणूसच बोलतो. यावरून कळते की पाहणारे आणि ऐकणारे मन आहे. डोळा ही खिडकी. खिडकी उघडी असली म्हणून घरात कोणी आहे असे होत नाही.

आता मनोरंजनाकडे येऊ. काही वाचकांना वाटेल, बुवा आता मनोरंजनावर घसरणार. तसे काही नाही. आपल्या संप्रदायाने मनोरंजनाला कधी दूर लोटले नाही. नाथांनी भारुडे रचली, त्यांत हसू आहे, सोंगे आहेत, नाच आहे. पण ‘रंजन’ हा शब्द पाहा. रञ्ज् धातूचा अर्थ रंगणे. मनोरंजन म्हणजे मनाला रंग चढणे, आणि म्हणूनच आपण म्हणतो, कीर्तन रंगले, भजन रंगले. रंगाऱ्याला विचारा. कापड कढईत बुडवून ठेवावे लागते, थोडा काळ तिथे राहू द्यावे लागते. एक टोक कढईत, दुसरे टोक हातात, आणि दर घटकेला बाहेर काढून पाहायचे, असे केले तर कापडावर डाग पडतात, रंग चढत नाही. आजच्या करमणुकीचे तसेच झाले आहे. घरात दोन दोन, चार चार पडदे चालू असतात, आणि रात्री विचारले, ‘काय पाहिलेत?’ तर कोणालाच धड सांगता येत नाही. करमणूक वाढली आणि रंजन घटले.

याचा एक दाखला आपल्या सर्वांच्या घरातला आहे. 1987 च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागरांची ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी गल्लीत जिथे एक टेलिव्हिजन असेल तिथे पन्नास माणसे दाटीवाटीने बसत. कोणी पेटीला हार घालीत, कोणी उदबत्ती लावीत. राम वनवासाला निघाले तेव्हा खोलीत हुंदके ऐकू येत. तीच मालिका 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदीत पुन्हा दाखवली. तोच राम, तीच अयोध्या, तोच दशरथ. असंख्य लोकांनी ती पाहिली, आमच्या घरीही पाहिली. पण राम रथात बसले तेव्हा आमच्या खोलीत सहा माणसांपैकी चौघांच्या माना खाली होत्या. हुंदका आला तो एकट्या आण्णांचा. आता, 1987 साली दुसरे पाहायला काही नव्हतेच, हेही खरे. तेव्हाची माणसे आपल्यापेक्षा पुण्यवान होती असे मी म्हणत नाही. पर्याय नसताना जे आपोआप होत होते, ते आता ठरवून करावे लागते, एवढाच भेद.

आणि ठरवून केले नाही तर काय होते, तेही पाहा. श्रोता अर्धा झाला की वक्ताही अर्धा होतो. हे मी कीर्तनकार म्हणून अनुभवाने सांगतो. समोरच्या चार माना खाली गेल्या की माझा सूक्ष्म विचार आपोआप सुटतो, आणि मी मोठ्याने बोलू लागतो, तीच गोष्ट पुन्हा सांगू लागतो, विनोद वाढवू लागतो. पडद्याच्या धंद्यातही असेच घडत आहे म्हणे. अमेरिकेतील काही पटकथालेखकांनी सांगितल्याचे 2024 च्या अखेरीस छापून आले, की निर्माते त्यांना सूचना देतात: पात्र जे करीत आहे ते त्याने तोंडानेही बोलून दाखवावे, म्हणजे दुसरे काम करता करता पाहणाऱ्याला कथा कळेल. अहो, डोळ्यांनी बोलणारा नट आता कोणासाठी बोलेल? मौनातला अर्थ कोण घेईल? आपण अर्धे अवधान देतो आणि पुन्हा तक्रार करतो की हल्ली काही चांगले दाखवीत नाहीत!

इथे कोणी चतुर वारकरी मला अडवील. ‘बुवा, आम्ही टाळ वाजवतो, पावली खेळतो, तोंडाने गातो, चाल सांभाळतो, हे सारे एकाच वेळी. आमच्या आया जात्यावर दळता दळता ओव्या गात. जनाबाईने दळण केले आणि नामही घेतले. मग दोन कामे एकदम होत नाहीत कशी?’ शंका रास्त आहे. उत्तर असे की जात्याचा खुंटा हाताच्या अंगवळणी पडलेला असतो. तो मनाला हाक मारीत नाही. उलट त्याच्या घरघरीने ओवीला लय मिळते. टाळ, पावली आणि मुख हे एकाच चाकाचे आरे आहेत, सगळे एकाच तुंब्याशी येऊन मिळतात. फोनचे तसे नाही. तो हाक मारण्यासाठीच घडवलेला आहे. तो वाजतो, थरथरतो, उजळतो, आणि प्रत्येक वेळी ‘माझ्याकडे बघ’ म्हणतो. टेलिव्हिजनही तेच म्हणतो. दोन धनी एकाच चाकराला एकदम हाक मारू लागले, तर त्या चाकराची जी गत, ती आपल्या मनाची.

म्हणून फोन फेकून द्या असे मी सांगत नाही. टाळेबंदीत मंदिरे बंद होती तेव्हा याच फोनवरून हरिपाठ घरोघर झाला, आणि अंथरुणावरच्या आण्णांना नातवाने कित्येक कीर्तने याच फोनवर ऐकवली. एकादशीला आपण अन्न सोडतो, म्हणजे अन्नाला शिव्या देतो असे नाही. काही वेळ सोडता आले तर ते आपल्या ताब्यात आहे हे कळते, इतकेच.

राहता राहिला मूळ प्रश्न: यात चूक काय? सवय म्हणावी की दोष म्हणावा? माझ्या बुद्धीला असे दिसते की मनुष्य एकटाच बसून दोन पडदे पाहत असेल, तर तो स्वतःचीच हानी करतो, आपला रंग आपणच गमावतो. पण शेजारी माणूस असेल तर गोष्ट बदलते. दोघे मिळून एक गोष्ट पाहतात तेव्हा त्यांच्यात एक करार असतो, न बोललेला: तू पाहशील ते मी पाहीन, आणि नंतर आपण त्याविषयी बोलू. मी तो करार मोडला, आणि मोडल्याचे झाकण्यासाठी खोटे बोललो. अर्धे पाहणारा पुढे पुरते खोटे बोलतो, कारण ‘पाहिलं का?’ या प्रश्नाला त्याच्याजवळ खरे उत्तर नसते. ‘हं, हं’ करीत ऐकणारा, मान न उचलता हसणारा, हे सर्व त्याच खोट्याचे धाकटे भाऊ. म्हणून मी याला दोष म्हणतो, आणि पहिला दोषी मी.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांजवळ काय मागतात ते आठवा. धन मागत नाहीत, विद्या मागत नाहीत. केवळ अवधान मागतात, आणि त्या बदल्यात मोठ्या सुखाची हमी देतात. जे माउलींनी हात पसरून मागितले, ते आपण ज्याला त्याला चिल्लर करून वाटत सुटलो आहोत. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला मात्र त्यातला आणाही येत नाही.

असो. मी माझ्यापुरता एक नेम केला आहे. जे पाहायचे ते पाहायचे, आणि पाहायचे नसेल तर टेलिव्हिजन बंद करायचा. पाहताना फोन देवघरातल्या कोनाड्यात. आषाढात रिंगण लागते तेव्हा आमच्या वहिनी माझ्या शेजारी बसतात. अश्व येतो, जातो. दोघेही हात जोडतो. पाहिला का, असे कोणी कोणाला विचारीत नाही.

रामकृष्णहरि.