पुरापलीकडचा हात

जूनचा पहिला आठवडा. गडचिरोलीतलं संगणक दुरुस्तीचं एक छोटं दुकान. सर इथे बरीच वर्षं संगणक दुरुस्त करतात आणि शिकवतातही. ती त्यांची जुनी विद्यार्थिनी. भामरागडकडच्या एका ग्रामसभेचा तेंदू आणि बांबूचा हिशेब ती लिनक्सवर ठेवते. गेल्या पावसाळ्यात तिने बॅकअपची डिस्क काढून ठेवली आणि संगणक सुरूच होईना. पर्लकोटा नदीला पूर आला होता, रस्ता बंद होता. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणारी एफएसटॅब नावाची फाइल असते; चूक तिच्यातल्या एका ओळीत होती. यंदा पाऊस लागायच्या आत ती रेस्क्यू पेनड्राइव्ह बनवून न्यायला आली आहे. बाकी सगळं भरून झालं आहे. एडिटर कोणता ठेवायचा, तेवढं ठरायचं आहे.

सर : व्हीआय ठेवतो. बिल जॉयने 1976 साली लिहायला घेतलेला एडिटर. आजही जवळपास प्रत्येक लिनक्सवर त्याचं कुठलं ना कुठलं रूप सापडतं. शिवाय बिझीबॉक्स या छोट्या अवजारांच्या संचात तो आयताच मिळतो. बिझीबॉक्स मुळात डेबियनच्या रेस्क्यू फ्लॉपीसाठीच तयार झाला. सगळी अवजारं 1.44 एमबीत बसवायची होती.

ती : पण सर, हा पेनड्राइव्ह 16 जीबीचा आहे. इथे जागेची काय अडचण?

सर : अडचण जागेची नाही, आधाराची आहे. तुला हवा असलेला सोपा एडिटर, नॅनो, त्याला एनकर्सेस नावाची लायब्ररी लागते, टर्मिनलची माहिती लागते. त्यातलं काही सापडलं नाही तर तो उघडतच नाही. बिझीबॉक्समधला व्हीआय एकटा उभा राहतो. संकटाच्या सामानाला दुसऱ्याचा टेकू लागू नये.

ती : त्या रात्री तो एकटा उभा होता, आणि मीही एकटीच होते. मी अक्षरं दाबत गेले, ओळी नाहीशा होत गेल्या. व्हीआय उघडला की आधी आज्ञा ऐकतो, मजकूर मागाहून घेतो, हे तुम्ही शिकवलं होतं. त्या वेळी आठवलं नाही. शेवटी मी बटण दाबून संगणक बंद केला.

सर : म्हणजे सराव कमी पडला.

ती : कमी पडला, खरं आहे. पण अशी वेळ वर्षातून एखादी. तुमची बोटं रोज तिथे फिरतात, म्हणून तुम्हाला तो सोपा वाटतो. डिस्कवर आता जागाच जागा आहे, सर. घाबरलेल्या डोक्यात ती उरत नाही. तुमची 1.44 एमबीची फ्लॉपी आता तिथे आहे.

सर : बरं, नॅनोचीही बाजू तपासू. त्याच्या जुन्या आवृत्त्या लांब ओळ आपोआप तोडून दोन करायच्या. एफएसटॅबमध्ये ओळ तुटली की फाइल बिघडली. 2019 मध्ये चौथ्या आवृत्तीपासून ही सवय बंद झाली. पण तोवर कितीतरी जणांनी सोप्या हत्यारानेच नुकसान करून घेतलं असेल. व्हीआय निदान अडवतो; नॅनो हसतमुखाने चुकू देत होता. शिवाय त्याच्या तळाशी ज्या सूचना दिसतात, त्यातली टोपीसारखी खूण म्हणजे कंट्रोलचं बटण, हे तुला कुणीतरी सांगितलं म्हणून कळलं ना?

ती : हो, तुम्हीच सांगितलं. पण एकदा सांगितलेलं तेवढं पुरलं. माझी आई आशा कार्यकर्ती आहे. तिच्या पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ आणि बाळाला गुंडाळायचं ब्लँकेट असतं. ती पिशवी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताला सोयीची म्हणून भरलेली नाही. रात्री दोन वाजता ज्या बाईच्या हातात ती असणार, तिचा हात पाहून भरली आहे.

सर : त्या विचाराचं मूळ आपल्याच जिल्ह्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत तसं करून पाहिलं. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. पण त्यातलं एक विसरू नकोस. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचं इंजेक्शन त्या गावातल्या बायाच देत होत्या. अवघड आहे म्हणून सुई पिशवीतून काढली नव्हती.

ती : (थोडं थांबून) नव्हती काढली. कारण तिच्यावाचून बाळ वाचलं नसतं. मग मला सांगा, एका ओळीच्या दुरुस्तीत व्हीआय असं काय करतो जे नॅनोने होत नाही?

सर : या कामात? काहीच नाही.

ती : मग तिथला अवघडपणा कशासाठी? सुईच्या अवघडपणाला कारण होतं.

सर : (बराच वेळ गप्प) माझं शिकणं व्हीआयवर झालं. त्यासाठी सोसलेल्या कष्टांचा मान मी तुझ्या पिशवीत भरत होतो. तो माझ्याजवळच राहायला हवा. पण एक भीती उरतेच. पेनड्राइव्ह हरवला, दुसऱ्याच कुणाचा संगणक समोर आला आणि त्यात फक्त व्हीआय असला तर? सोपं दिलं म्हणून मी तुला अडाणी ठेवलं, असं होईल.

ती : सुई दिली तेव्हा त्या बायांना शिकवलंही होतं, आणि नंतर कुणीतरी येऊन त्यांचं काम पाहत होतं. हत्यार निवडलं म्हणून शिकवण्याची जबाबदारी संपत नाही. नॅनो समोर ठेवा. व्हीआय बिझीबॉक्ससोबत आत आहेच, तो काढू नका. त्यातल्या तीन गोष्टी मला आज पक्क्या करून द्या : लिहायला सुरुवात कशी करायची, जतन करून बाहेर कसं पडायचं, आणि काही न बदलता कसं पळायचं.

सर : आणखी एक सांगतो. हिशेबाच्या मराठी फाइलींना त्या काळ्या पडद्यावर हात लावायचा नाही. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटचं असतं. तो पडदा मराठी नीट दाखवत नाही, आणि बिझीबॉक्सचा व्हीआय बाइट मोजतो, अक्षरं नाही. एफएसटॅब दुरुस्त कर, संगणक सुरू कर आणि थांब.

ती : हे कागदावर मराठीत लिहून द्या. माझ्यानंतर या कामाला दहावी झालेली मुलगी येणार आहे.

सर : कागद तूच लिही. तिला काय कळणार नाही, ते माझ्यापेक्षा तुला जास्त ठाऊक आहे.

तिने लिहायला घेतलं. सरांनी दुकानातल्या एका जुन्या संगणकाच्या एफएसटॅबमधली एक ओळ मुद्दाम बिघडवली आणि खुर्ची तिच्यासाठी रिकामी केली. पहिल्या खेपेला ती अडखळली. आपल्याच कागदावर एक पायरी राहून गेली आहे, हे तिला दिसलं. ती पायरी तिने लिहिली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सर शेजारी उभे होते, हात मागे बांधून.