वाढदिवस नेमका कोणी लक्षात ठेवला?

सकाळी फोन हातात घेतला की आज कोणाकोणाचा वाढदिवस आहे, हे तो आपल्याला सांगतो. आपण नाव पाहतो, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असे लिहितो, शेजारी केकचे चित्र टाकतो आणि पुढे जातो. आता तुम्हीच सांगा, या सगळ्यात त्या माणसाची आठवण कोणी ठेवली? आपण, की फोनने? आणि फोनने ठेवली असेल, तर आपण दिलेल्या शुभेच्छा खोट्या ठरतात का?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण याच गोष्टीवरून चांगली समजूतदार माणसे मनात दुखावतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गटात एकाचा वाढदिवस आला की साठ जणांचे संदेश येतात आणि दुसऱ्याचा दिवस कोणाच्याही लक्षात न येता निघून जातो. तो काही बोलत नाही. साधना करणाऱ्याने अशा गोष्टींचे वाईट वाटून घेऊ नये, असे आपण म्हणतो. पण त्याला वाईट वाटू नये ही जबाबदारी एकट्या त्याची, असे मला वाटत नाही.

आधी १ जूनचा विचार करू या. महाराष्ट्रातल्या वाचकांना ही गंमत ठाऊक आहे. त्या दिवशी फेसबुकवर वाढदिवसांची रांगच लागते. याचे कारण शाळेच्या दाखल्यात आहे. पूर्वी खेड्यापाड्यांत जन्माची नोंद क्वचितच होत असे. मूल शाळेत आणले की गुरुजी त्याला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. हात पोहोचला तर मूल शाळेच्या वयाचे झाले. मग अंदाजाने साल धरायचे आणि शाळा जूनमध्ये उघडतात म्हणून तारीख १ जून लिहायची. आमच्या छत्तीसगडमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मध्य प्रदेशात, शाळा जुलैत उघडत. म्हणून इकडच्या जुन्या माणसांच्या दाखल्यावर बरेचदा १ जुलै दिसते.

ही तारीख माणसाला आयुष्यभर चिकटते. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा सोव्हिएत संघाशी करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात आणि त्यानंतर विदर्भातून कितीतरी कुटुंबे नोकरीसाठी इकडे आली. नोकरीच्या अर्जावर जन्मतारीख लागे, आणि दाखल्यावर जी असेल तीच लिहिली जाई. निवृत्तीही तिच्यावरूनच ठरे. सरकारी नियम असा आहे, की महिन्याच्या १ तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणूनच महाराष्ट्रात ३१ मे रोजी निरोप समारंभांची एवढी गर्दी असते. गुरुजींनी सोयीसाठी लिहिलेल्या एका तारखेवर पगार, पेन्शन, सगळा हिशोब चालतो. त्यात वाईट काही नाही. हिशोबाला कुठलीतरी तारीख लागतेच, हे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

पण तीच तारीख फेसबुकवर गेली आणि शुभेच्छांची तारीख झाली. इथे भिलाई-३ मध्ये माझ्या ओळखीच्या एक काकू आहेत. नातवाने त्यांचे खाते उघडून दिले आणि दाखल्यावरची १ जुलै तिथे भरली. दरवर्षी त्या दिवशी त्यांना ढीगभर शुभेच्छा येतात. त्या हसून सगळ्यांना हात जोडल्याचे चित्र पाठवतात. त्यांना विचारले तर सांगतात, "माझा जन्म तान्ह्या पोळ्याचा. लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरत होती, तेव्हाची मी." ही गोष्ट किती जणांना माहीत आहे? ज्यांनी विचारले, तेवढ्यांनाच.

आता १ जुलैला काकूंना शुभेच्छा देणारे खोटे बोलतात का? माझे मत असे, की नाही. शुभेच्छा म्हणजे तारखेबद्दलची साक्ष नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांची जयंती शासन १९ फेब्रुवारीला साजरी करते आणि अनेक जण तिथीप्रमाणे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात. तारीख की तिथी यावर वाद होतात, पण दुसऱ्या दिवशी साजरी करणाऱ्याच्या मनात महाराजांची आठवणच नाही, असे कोणी म्हणत नाही. तारीख चुकूनही आठवण खरी असू शकते. आणि याच न्यायाने तारीख अगदी बरोबर असून आठवण नसणेही शक्य आहे. आपली अडचण ही दुसरी आहे.

अविशाय मार्गालित या इस्रायली तत्त्वज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या स्मृतीच्या नीतीवरील आपल्या पुस्तकात एक प्रसंग घेतला आहे. एका लष्करी अधिकाऱ्याला त्याच्याच हाताखाली मरण पावलेल्या सैनिकाचे नाव आठवले नाही आणि लोक संतापले. लोकांना राग का यावा? नाव तर कागदोपत्री होतेच. मार्गालित यांचे म्हणणे थोडक्यात असे, की जिथे आपुलकीचे नाते असते, तिथे आठवण ठेवणे हा त्या आपुलकीचाच भाग असतो. आपल्या प्रश्नालाही हे लागू पडते. नोंद यादीत असू शकते, फोनमध्ये असू शकते. आपुलकी मात्र कोणीतरी स्वतः बाळगावी लागते.

म्हणून फोनने आठवण करून दिली, यात मला काही गैर दिसत नाही. आपल्या घरात कालनिर्णय १९७३ पासून भिंतीवर आहे, आणि त्याच्या चौकटीत आई-आजी नातेवाइकांचे वाढदिवस पेनने लिहून ठेवत आल्या आहेत. तोही आधारच होता. फरक एवढाच, की ती चौकट भरताना आजीने त्या माणसाचा विचार केलेला असे, आणि महिना उलटताना पुन्हा एकदा करी. फेसबुक आठवण देते ते आपण परत तिथे यावे म्हणून. बँकेचा, विम्याचा, मोबाइलच्या दुकानाचा संदेश येतो, त्यात तर शुभेच्छा आणि सवलत एकाच वाक्यात असतात. यांना हा धंदा करू द्यावा. आपण मात्र तसेच वागू नये.

इथे अनुवादक म्हणून एक गोष्ट सांगाविशी वाटते. हिंदीत 'वर्षगाँठ' असा शब्द आहे. दरवर्षी दोऱ्याला एक गाठ मारायची, अशी त्यामागची जुनी रीत. मराठीत आपण 'वाढदिवस' म्हणतो, वाढण्याचा दिवस. दोन्ही शब्दांत जवळ कोणीतरी असणे गृहीत आहे. कोणीतरी गाठ मारते, कोणीतरी वाढ पाहते. आपल्याकडचे औक्षणही तसेच. निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता हे सगळे ताटात असते, पण ज्याला ओवाळायचे तो समोर पाटावर बसलेला लागतो. मग तो उठून घरातल्या मोठ्यांच्या पाया पडतो. म्हणजे त्या दिवशी त्यालाही काही करायचे असते. आता तो फक्त अंगठ्यांची संख्या मोजतो आणि संध्याकाळी 'सर्वांना वैयक्तिक उत्तर देणे शक्य नाही' असे लिहितो.

तरी या शुभेच्छांची थट्टा करू नये. ज्यांची मुले पुण्याला किंवा बंगळूरला आहेत, अशा निवृत्त माणसाचा फोन एक दिवस सारखा वाजत राहिला तर त्याला आनंद होतो, आणि तो आनंद खरा असतो. माझा आक्षेप दुसऱ्याच गोष्टीला आहे. त्याच घरात त्याच्या पत्नीचे खाते नसते. तिचा वाढदिवस कोणाच्याही पडद्यावर येत नाही. सत्संगाच्या दिवशी सतरंज्या घालणारा, चहाची भांडी घासणारी मावशी, यांचाही येत नाही. ज्याचे खाते आहे तो आठवणीत आणि ज्याचे नाही तो बाहेर, अशी वाटणी आपण न ठरवताच होऊन बसली आहे. फोनची यादी आपण पूर्ण यादी समजतो, हे मला यातले सर्वांत गंभीर वाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे मनातले खाते. लग्नात आहेराची वही असते. कोणी काय दिले ते लिहून ठेवायचे, कारण त्यांच्या घरच्या कार्यात आपल्याला परतफेड करायची असते. त्या वहीत निदान कर्तव्याची जाणीव होती. वाढदिवसाचे खाते उलटे चालते: 'त्याने मला केले नाही, मी कशाला करू?' जमा-नावे जुळवण्याचे शिक्षण मी घेतो आहे, तरी हे खाते कधी जुळेल असे मला वाटत नाही.

मग करायचे काय? ज्यांच्याशी खरोखर नाते आहे, त्यांना लिहिण्याऐवजी फोन करावा. साठावा संदेश टाकण्यापेक्षा गप्प राहिले तरी चालते. १ जून किंवा १ जुलै दिसली, की विचारावे, "काकू, तुमचा खरा दिवस कोणता?" तान्हा पोळा तर फोनच्या ठरलेल्या तारखेत बसतच नाही. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणून पोळा १४ सप्टेंबरला आला आणि तान्हा पोळा १५ ला. २०२४ साली तो ३ सप्टेंबरला होता. दरवर्षी पंचांग उघडून पाहावे लागते, आणि पाहताना काकू आठवतात.

राहिला एक अवघड भाग. माणूस गेल्यावरही त्याचे खाते चालू राहते आणि वाढदिवस आला की फोन नेहमीसारखीच आठवण देतो. ज्यांना कळलेले नसते, ते 'शतायुषी व्हा' असे लिहून जातात. घरच्यांनी ते वाचायचे. फेसबुकला निधनाचा पुरावा देऊन कुटुंबीय ते खाते स्मृतिखाते करून घेऊ शकतात. मग नावाजवळ 'स्मरणार्थ' अशा अर्थाचा शब्द येतो आणि वाढदिवसाच्या सूचना थांबतात. आपल्यापैकी तरुणांनी हे काम अशा घरी जाऊन करून द्यावे, कारण मोठ्यांना ते जमत नाही आणि सांगायला संकोच वाटतो. पण सूचना थांबली म्हणजे तो दिवस घरात थांबत नाही. श्राद्ध आपण तिथीने करतो, पुण्यतिथी पाळतो, वाढदिवस मात्र कोणी काढत नाही. पत्नीला तो आठवत असतोच. त्या दिवशी फोन त्यांच्या घरी करावा, आणि त्या जेवढे बोलतील तेवढे ऐकावे.