साडीची घडी

संग्रामपुरात कागद लिहून देणाऱ्यांच्या टेबलापाशी उन्हाळ्यात एक दृश्य ठरलेलं. दोन भाऊ आणि सकाळच्या एसटीने सासरहून आलेली बहीण. बाप गेला, वारसांची नोंद झाली, आता तिने हक्कसोड करून द्यायचं. परवा पाहिली ती चाळिशीतली. अंगठ्याला शाई लागल्यावर तिने एवढंच विचारलं, "दादा, कुठी लावू?" हे सगळं ती स्वखुशीने करते आहे, असं कागदात लिहिलेलं होतं. मग भावाने पिशवीतून साडी काढली. शाईचं बोट बाजूला धरून तिने पदर उलगडून पाहिला, रंग चांगला आहे म्हणाली, आणि घडी पुन्हा जशीच्या तशी घातली.

भाऊ दुष्ट नव्हता. चार एकर कोरडवाहू, त्यातही खारपाणपट्टा. तिसरा वाटा पडला तर कोणाचंच भागायचं नाही, हे तिलाही कळतं. मान्य. पण हा शहाणपणा दर वेळी बहिणीनेच का दाखवायचा? भावाने भावासाठी हक्क सोडलेला मी तरी त्या टेबलापाशी अजून पाहिला नाही.

कायदा केव्हाचाच तिच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला, 2005 च्या दुरुस्तीने तो देशभर झाला. दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असण्याची अट नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी सांगून टाकलं. पण वाटा मागितला की दिवाळीला मुऱ्हाळी यायचा थांबतो, त्याला कायदा काय करणार? उद्या सासरी बिनसलं तर परतायला बाईला माहेरचं एकच दार असतं. ते उघडं राहावं म्हणून ती शेत सोडते. आपण त्याला माया म्हणतो.

आता त्याच भावाच्या वावरात चला. निंदण त्याच्या बायकोचं, कपाशीची वेचणी तिचीच. सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, आणि माहेरचा हक्क तिनेही असाच सोडलेला. म्हणजे नणंद-भावजय दोघीही दोन्हीकडून भूमिहीन! शेतकरी नेते शरद जोशींनी हे नेमकं हेरलं होतं. चांदवडच्या 1986 च्या महिला अधिवेशनानंतर त्यांच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' काढली आणि बायकोच्या नावे जमीन करून द्या, असं नवऱ्यांनाच सांगितलं. पुढे 1992 मध्ये सरकारी परिपत्रकही निघालं. कित्येक गावांत नावं लागली. नंतर ते वारं पडलं.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली ती 1882 मध्ये. जो नियम बाईला, तो पुरुषाला का नाही, हा त्यांचा सवाल. त्यानंतर 129 वर्षांनी झालेल्या जनगणनेत बुलढाण्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 855 मुली निघाल्या. राज्याचा आकडा 894 होता. पोरगा कशाला हवा म्हणून विचारा, 'वावर कोन पाह्यीन?' हेच उत्तर येतं. ते वावर आज कोण पाहतं, हे वेचणीच्या दिवसांत कोणत्याही धुऱ्यावर उभं राहिलं तरी दिसतं.

सातबारा आता मोबाईलवर दिसतो. आज रात्री जेवणं झाल्यावर घरचा उघडा, आणि ज्या बाईने ताट वाढलं तिला त्यातली नावं मोठ्याने वाचून दाखवा.